तरुण, अंगात दम असलेला मिश्र जातीचा कुत्रा दत्तक घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावरून किंवा वाईट अवस्थेतून सोडवलेल्या कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं काम आम्ही काही जण पुण्यात करतो. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांना घर पटकन मिळतं. रखडतात ती आठ महिने ते दोन वर्षांची, धडधाकट, दार उघडलं की अंगावर झेपावणारी कुत्री. घरी नेल्यावर परत येतात तीही बहुतेक हीच. अशा वेळी कुत्र्यात खोट क्वचितच असते. त्याला रोज किती वेळ द्यावा लागेल, तो कोण देणार, कधी देणार, हा हिशोब घरात आधी झालेला नसतो. तो आधीच व्हावा म्हणून फोनवर रोज विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मिश्र जातीचा म्हणजे नक्की कोणता?

आपल्याकडे याचे दोन प्रकार दिसतात. एक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर, वाडीवस्तीवर वाढलेला देशी कुत्रा. लोक त्याला गावठी म्हणतात, हल्ली इंडी म्हणतात. दुसरा म्हणजे देशी आणि लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड किंवा पॉमेरेनियन यांच्या संकरातून झालेला. हौसेने आणलेले जातिवंत कुत्रे सोडून दिले जातात, नाहीतर नसबंदी न करता मोकळे फिरतात, त्यातून ही पिल्लं जन्मतात.

कान, रंग, शेपटी बघून 'हा नक्की लॅब मिक्स' असं ठामपणे सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. तोंडवळ्यावरून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो. साधारण कल मात्र सांगता येतो. देशी रक्त जास्त असेल तर कुत्रा सावध असतो, अनोळखी माणसाशी लगेच गट्टी करत नाही, तिन्हीसांजेला जास्त जागा होतो आणि पाच फुटी भिंत सहज चढतो. लॅबचा अंश असेल तर खाण्यासाठी काहीही करतो आणि जे दिसेल ते तोंडात धरतो. पॉमेरेनियनचा असेल तर भुंकणं जास्त. कुत्रा निवडताना जातीच्या या अंदाजापेक्षा समोरचा कुत्रा कसा वागतो ते बघा.

पिल्लू घ्यावं की वर्षभराचा कुत्रा?

पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, दर दोन तासांनी शू करायला न्यावं लागतं आणि सगळे डोस होईपर्यंत जिवाला घोर असतो. पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या विषाणूजन्य आजाराने आठवड्याभरात पिल्लू जाऊ शकतं. वर्षभराच्या कुत्र्याचा आकार, स्वभाव, आवाज सगळं समोर दिसतं, त्यामुळे नंतर आश्चर्याचे धक्के कमी बसतात.

पण साधारण सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचं वयात येण्याचं वय. शिकवलेलं विसरल्यासारखा वागतो, बोलावलं तरी येत नाही, कालपर्यंत न घाबरणारा आज रिकाम्या खुर्चीकडे बघून भुंकतो. हा काळ सरतो. तो सरेपर्यंत घरात निदान एक माणूस शांत डोक्याचा हवा.

आम्ही दोघंही नोकरी करतो. जमेल का?

पूर्ण वाढलेला कुत्रा दिवसातले १२ ते १४ तास झोपतो, त्यामुळे चार-पाच तास एकटं राहणं त्याला शिकवता येतं. सकाळी नऊला कुलूप लावून रात्री आठला उघडणार असाल, मधे कोणीच येणार नसेल, तर तरुण कुत्रा आत्ता घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो. दुपारी आई-बाबा घरी असतील, शेजारी विश्वासाचं कोणी असेल, किंवा फिरवायला माणूस ठेवणार असाल, तर जरूर विचार करा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असेल तरी मोठा फरक पडतो.

घरी काम करणाऱ्या मावशींनाही आधी विचारा. त्यांना भीती वाटत असेल तर त्या घरात असताना कुत्रा कुठे असेल हे ठरवून ठेवा. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि महिन्याभरात तीच मोठी अडचण होऊन बसते.

वन बीएचकेमध्ये असा कुत्रा राहील?

राहतो. घराच्या चौरस फुटांपेक्षा तो दिवसातून किती वेळा आणि कसा बाहेर पडतो याला महत्त्व आहे. बंगल्याच्या आवारात दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा फ्लॅटमधल्या कुत्र्यापेक्षा कितीतरी दुःखी असतो. जनावराला विनाकारण तासन्‌तास बांधून ठेवणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. राखणीसाठी कुत्रा हवा असं म्हणणाऱ्यांना आम्ही कुत्रा देत नाही.

बाल्कनीकडे मात्र नीट बघा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी हा कुत्र्यासाठी अडसर नव्हे. ती तो दहा मिनिटांत कुरतडतो. लोखंडी ग्रील नसेल तर बाल्कनीचं दार बंदच ठेवा.

दत्तक देताना इतक्या चौकशा कशासाठी? घर बघायला कशाला येता?

घर किती मोठं आहे, सोफा कुठला आहे, यात आम्हाला रस नसतो. दाराला फट किती आहे, खिडकी किती खाली आहे, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, एवढं बघायचं असतं. एकट्या मुलाच्या हट्टापायी आणि आईच्या नाइलाजाने घेतलेला कुत्रा शेवटी आईच्याच गळ्यात पडतो. म्हणून आम्ही आईशी वेगळं बोलतो.

करारावर सहीही घेतो. नसबंदी करणार, दरवर्षी लस देणार, कुत्रा परस्पर दुसऱ्याला देणार नाही, अशा त्यात अटी असतात. कुत्र्याचे पैसे कोणी मागितले तर सावध व्हा. झालेल्या लशींचा किंवा ऑपरेशनचा खर्च कुणी मागेल, त्यात गैर काही नाही, पण पावती आणि लशींचं पुस्तक हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

भेटायला गेल्यावर काय बघायचं?

एकदा भेटून ठरवू नका. एकदा सकाळी जा, एकदा संध्याकाळी जा. पहिली दहा मिनिटं तो उड्या मारणारच, त्याला महत्त्व देऊ नका. त्यानंतर तो शांत होतो का, किती वेळात होतो, ते बघा. खाऊ दाखवला तर तुमच्याकडे लक्ष देतो का? मोठा आवाज झाला तर दचकून परत जागेवर येतो की कोपऱ्यात जाऊन थरथरत बसतो? खाताना जवळ गेलं तर अंग ताठ करतो का? (हे बघायला त्याच्या ताटात हात घालू नका, चार फुटांवरून नुसतं चालत जा.) ज्यांच्याकडे तो राहतो त्यांना थेट विचारा, 'याची तुम्हाला सगळ्यांत जास्त काय अडचण होते?' कुत्र्याला खरोखर ओळखणारा माणूस याचं उत्तर लगेच देतो. 'काहीच अडचण नाही हो' असं ऐकलं तर आणखी चौकशी करा.

कानाच्या टोकाला छोटी खाच दिसली तर तो पालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या मोहिमेत नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा आहे, असं समजायला हरकत नाही. लस दरवर्षी लागते, त्यामुळे ती केव्हा झाली होती हे तरीही विचाराच.

घरी आणायच्या आधी काय तयारी करू?

गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) दोन्ही घ्या. घाबरलेला कुत्रा मागे सरकून मान वळवतो आणि पट्ट्यातून क्षणात सुटतो. नवीन कुत्री हरवतात ती बहुतेक अशीच, पहिल्या आठवड्यात, रिक्षातून किंवा गाडीतून उतरताना. म्हणून सुरुवातीचा महिनाभर दोन्हीला दोरी लावूनच बाहेर काढा. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवसापासून हवा.

बाकी फार खरेदी नको. एक जुनी गोधडी, पाण्याचं जड भांडं, चावायला दोन-तीन वस्तू पुरतात. महागडी गादी तो पहिल्या महिन्यात फाडेल, ती नंतर घ्या.

पहिले काही दिवस कसे जातात?

कुत्र्यांचं काम करणारे लोक एक ढोबळ ठोकताळा सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो. खात नाही, पलंगाखाली जातो, किंवा उलट एक मिनिट बसत नाही. तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं आणि खरा स्वभाव दिसायला लागतो. घर आपलं वाटायला तीन महिने जातात. 'आधी किती शहाणा होता, आता बिघडला' असा फोन आम्हाला हमखास तिसऱ्या आठवड्यात येतो. तो बिघडलेला नसतो, मोकळा झालेला असतो, आणि शिकवायला हीच योग्य वेळ असते.

पहिल्या रविवारी सगळे नातेवाईक कुत्रा बघायला बोलावू नका. आंघोळही लगेच घालू नका. ठरलेल्या वेळी खाणं, ठरलेल्या वेळी बाहेर नेणं आणि बाकी वेळ त्याला त्याच्या जागी पडू देणं, एवढंच करा.

कितीही फिरवलं तरी दमत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. पहिला उपाय सगळे तोच करतात. अर्ध्या तासाचा एक तास, एक तासाचा दीड तास, मग बॉल, मग सायकलच्या मागे पळवणं. महिन्याभरात कुत्रा अधिक दमदार होतो आणि माणूस थकतो. रोज पळणाऱ्या खेळाडूचा दम वाढतो, तसाच त्याचाही वाढतो.

पायांना काम हवंच. सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास चालणं तरुण कुत्र्याला लागतं. पण त्याहून जास्त काम नाकाला आणि डोक्याला हवं. सकाळच्या फेरीतली वीस मिनिटं पूर्णपणे त्याच्या हवाली करा. त्याला हव्या त्या खांबापाशी, हव्या त्या झुडपापाशी हवा तेवढा वेळ हुंगू द्या. त्याला ओढू नका, फोन खिशात ठेवा. ही वीस मिनिटं रस्त्याने भरभर चालवलेल्या तासाभरापेक्षा जास्त शांत करतात.

घरात हे करून बघा. एक जुना टॉवेल जमिनीवर पसरा, त्यात रोजच्या जेवणातले मूठभर दाणे किंवा भाकरीचे सुपारीएवढे तुकडे टाका, टॉवेलची सैलसर गुंडाळी करा आणि त्याच्यापुढे ठेवा. पहिल्यांदा तो पंजाने ओरबाडेल, तोंडात धरून झटकेल. चौथ्या-पाचव्या दिवशी नाकाने टोक शोधून गुंडाळी हळूहळू उलगडायला लागेल. मग गुंडाळी थोडी घट्ट करा, पुढे तिला एक सैल गाठ मारा. हे काम करताना त्याचा श्वास बघा: आधी भसाभस हुंगणं, मग लांब, संथ फुत्कार. काम संपल्यावर बहुतेक कुत्री अंग झाडून आडवी होतात. टॉवेल खाणारा कुत्रा असेल तर मात्र हा खेळ तुमच्या डोळ्यांसमोरच करा. तेच दाणे अंगणातल्या गवतात उधळले तरी चालतात, रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांखाली लपवले तरी चालतात. रोजचं निम्मं जेवण ताटात न देता अशा रीतीने दिलंत तर पंधरा दिवसांत फरक जाणवेल.

आणि झोप. लहान मुलासारखी या कुत्र्यांचीही झोप मोडली की ती जास्त उधळतात. घरात सतत कोणीतरी त्याच्याशी खेळत असेल तर त्याला निजायला वेळच मिळत नाही. दुपारी दोन-तीन तास पडदे ओढून, सगळ्यांनी त्याला एकटं सोडायचं, हा नियम करा. 'दमतच नाही' असं सांगितलं जाणारी निम्मीअधिक कुत्री मुळात अपुऱ्या झोपेची असतात असा आमचा अनुभव आहे.

रात्री अचानक घरभर सुसाट पळतो. हे वेड आहे का?

नाही. साठलेला उत्साह तसा बाहेर पडतो, दोन-चार मिनिटांत थांबतो. गुळगुळीत फरशीवर पाय मुरगळू नये म्हणून सतरंजी अंथरा आणि मधे येऊ नका.

हाताला दात लावतो, पाहुण्यांवर उड्या मारतो.

चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. गोठवलेलं गाजर किंवा ओला करून फ्रीजरमध्ये ठेवलेला कापडाचा पीळ चावायला द्या. त्यापुढच्या वयातही तो दात लावत असेल तर ती खेळायची सवय आहे. दात लागले की हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून दुसऱ्या खोलीत जा. ओरडू नका, तोंड दाबू नका, मारू तर अजिबात नका. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं बंद करतो आणि पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

उड्यांसाठी घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा: चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा. बाबा थोपटतात आणि आई रागावते, असं असेल तर तो कधीच शिकणार नाही. पाहुणे यायच्या आधी हार्नेस घाला, दोरी हातात ठेवा आणि पाहुण्यांना सांगा, 'दोन मिनिटं त्याच्याकडे बघू नका.'

पट्टा खूप ओढतो. हात दुखतो.

ओढून पुढे जायला मिळतं म्हणून तो ओढतो. दोरी ताणली गेली की थांबा. त्याने मागे वळून बघितलं, दोरी सैल झाली की चाला. पहिले आठ दिवस तुम्ही गेटच्या पुढे जाणार नाही, ते मान्य करा. छातीशी कडी असलेला हार्नेस मदत करतो. काट्यांचा किंवा गळा आवळणारा पट्टा घेऊ नका.

एकटा ठेवला की रडतो, चपला फाडतो.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळलेला कुत्रा तासाभराने चप्पल शोधतो. एकटेपणाला घाबरणारा कुत्रा तुम्ही कुलूप लावल्यापासून पाच-दहा मिनिटांत लाळ गाळतो, दार खरवडतो, ओरडत राहतो. जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून बघितलं की कळतं. पहिल्यासाठी चपला कपाटात ठेवा आणि निघताना टॉवेलचं काम द्या. दुसऱ्यासाठी अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करा. बाहेर जा, परत या, काही बोलू नका. तो शांत राहील तेवढाच वेळ रोज थोडाथोडा वाढवा. महिना-दोन महिने लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात रजा घ्या आणि त्या रजेत त्याला चोवीस तास सोबत देण्याऐवजी हा सराव करा. त्रास फारच असेल तर डॉक्टरांना सांगा, यावर औषधंही असतात.

घरात शू करतो.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या आणि जागेवर केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात केलेली जागा फिनाइलऐवजी पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने पुसा, वास राहिला की तो परत तिथेच करतो. नाक घासू नका. रस्त्यावर वाढलेली कुत्री हे फार लवकर शिकतात, कारण स्वतःची झोपायची जागा घाण न करायची सवय त्यांना असते.

खायला काय द्यावं? आम्ही शाकाहारी आहोत.

दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण धष्टपुष्ट होत नाही. त्याला प्रथिनं लागतात. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन किंवा अंडी, भात किंवा भाकरी, शिजवलेला भोपळा, गाजर, चमचाभर दही असं द्या. मीठ-मसाला नको. घरात मांसाहार चालत नसेल तर अंडी तरी चालतात का ते ठरवा. तेही चालत नसेल तर डॉक्टरांना विचारून संपूर्ण आहार म्हणून बनवलेलं शाकाहारी तयार खाणं द्या. नुसत्या वरण-भाताने भागणार नाही. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब झाले तर बंद करा.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगम विषारी आहे. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही यात आले. शिजवलेली हाडं चिरफळून आतडं फाडतात, ती देऊच नका. तापासाठी आपली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटॅमॉलची गोळी मनाने देऊ नका.

लशी, तपासण्या, नसबंदी कधी करायची?

घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. आधीचं लशींचं पुस्तक नसेल तर लशी झाल्या नाहीत असं धरूनच डॉक्टर सुरुवात करतात. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित लस दर तीन-चार आठवड्यांनी देतात आणि तीन महिन्यांच्या पुढे रेबीजची. मोठ्या कुत्र्यालाही या लशी आणि त्यांचा पुढचा डोस लागतो, नंतर दरवर्षी. जंताचं औषध आणि रक्ततपासणी पहिल्याच भेटीत करा. रस्त्यावरून आलेल्या मोठ्या कुत्र्याच्या लघवीच्या जागी गाठ किंवा रक्त दिसलं तर लगेच दाखवा. ती संगातून पसरणाऱ्या एका कर्करोगाची असू शकते. तो दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, त्याला घाबरून कुत्रा नाकारू नका.

नसबंदी साधारण सहा महिन्यांनंतर करतात, नेमकी वेळ डॉक्टर सांगतील. मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका त्याने राहत नाही, स्तनाच्या गाठींचाही धोका घटतो. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत' या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. नसबंदीने कुत्रा सुस्त होईल, हा उत्साह जाईल, अशी आशा मात्र धरू नका. खेळकरपणा तसाच राहतो.

घरच्या कुत्र्याने जरी चावलं, ओरखडलं, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, वेळेवर लस घेतली तर तो होत नाही.

गोचीड ताप म्हणजे काय?

गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरणारा आजार. खेळकर कुत्रा अचानक खाणं सोडतो, अंग तापतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासलं की प्लेटलेट कमी दिसतात. वेळेत धरला तर बरा होतो. औषधाचा कोर्स बहुधा चार आठवड्यांचा असतो, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला तरी तो अर्ध्यात सोडायचा नाही. गोचिडीची गोळी वर्षभर चालू ठेवा, नुसती पावसाळ्यात नको. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवून बघा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो होतो आणि तो माणसालाही होतो. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर डांबरी रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी तुमचा उलटा तळहात पाच सेकंद टेकवून बघा.

घरात लहान मूल आणि आजी आहेत.

चांगलं जमतं, फक्त दोघांना एकमेकांपासून जपा. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा यांना खोलीत एकटं सोडायचं नाही, कुत्रा कितीही गुणी असला तरी. मुलाला तीन गोष्टी शिकवा: खाताना हात लावायचा नाही, झोपलेला उठवायचा नाही, गळ्यात पडायचं नाही. आजींना धोका चाव्यापेक्षा धक्क्याचा जास्त. पायात घोटाळणाऱ्या अठरा किलोच्या कुत्र्याने माणूस पडतो. दारावरची बेल वाजली की त्याने आपल्या गोधडीवर जाऊन बसायचं, हे सगळ्यांत आधी शिकवा.

सोसायटीवाले नाही म्हणतात.

सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. लिफ्ट वापरू न देणं, कुत्र्याच्या आकारावरून हरकत घेणं, हेही त्यांत बसत नाही. भाड्याच्या घरात मात्र घरमालकाची परवानगी भाडेकरारात लिहून घ्या, तोंडी नको. महानगरपालिकेचा परवानाही काढा.

कागद हाती असला तरी शेजाऱ्यांशी गोड राहा. लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर पुढची लिफ्ट पकडा. शी उचला, रोज, प्रत्येक वेळी. सोसायटीतली निम्मी भांडणं त्या एका पिशवीने मिटतात.

दिवाळीत काय करायचं?

अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावा, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, तो जिथे लपेल तिथे लपू द्या. आवाजाला फार घाबरत असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांकडून औषध घेऊन ठेवा. पळालाच तर मागे धावू नका, नावाने हाका मारत गर्दी करू नका. पहाटे, वर्दळ नसताना, तो सुटला त्या जागी त्याची गोधडी आणि खाणं घेऊन शांत बसा. वॉचमन, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं आणि भागातल्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या लोकांना फोटो द्या. कुत्री सापडतात ती त्यांच्याच नजरेमुळे.

गावाला किंवा परदेशी जायचं झालं तर?

रेल्वेत पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातला पूर्ण कूपे किंवा केबिन तुमची असेल तर कुत्रा सोबत नेता येतो, नाहीतर ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यात, ठेवावा लागतो. तरुण, घाबरट कुत्र्याला ब्रेक व्हॅनमध्ये टाकू नका.

परदेशी नोकरीची शक्यता असेल तर आत्ताच मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवून घ्या आणि रेबीजची लस त्यानंतर द्या. युरोपीय संघात नेताना लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त तपासावं लागतं आणि त्यापुढे तीन महिने थांबावं लागतं. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या रेबीजचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी नियम कडक केले आहेत. भारतातून थेट ऑस्ट्रेलियात कुत्रा नेताच येत नाही. व्हिसाची खटपट चालू असताना कुत्रा घेणार असाल तर हे आधी सांगा.

आणि नाहीच जमलं तर?

ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन करा. आम्ही परत घेतो, कारण विचारतो ते फक्त पुढचं घर नीट शोधता यावं म्हणून. फोन लवकर करा, कुत्रा गॅलरीत बांधून सहा महिने काढल्यावर नको. रस्त्यावर नेऊन सोडणं हा गुन्हा आहे, आणि घरात राहिलेला कुत्रा अनोळखी भागातल्या टोळीत टिकत नाही. पुष्कळदा फोनवरच कळतं की त्याची दुपारची झोप होत नाहीये, किंवा सकाळची हुंगायची फेरी बंद पडली आहे. अशा वेळी आम्ही आठवडाभर कुत्रा आमच्याकडे ठेवून घेतो, त्या दिवसांत तुम्ही पुरेशी झोप घ्या, आणि मग घरातल्या सगळ्यांनी बसून पुन्हा वेळापत्रक ठरवू.